दहातले तीन

"आणि या व्यायामानं फरक पडेल असं तुम्हाला स्वतःला किती वाटतं? शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे नक्की पडेल."

मिस्त्री कॉटच्या कडेला बसले होते. पँट मांडीपर्यंत दुमडलेली, उजवा गुडघा डाव्यापेक्षा जरा फुगीर. दोन्ही गुडघ्यांवरची कातडी मात्र सारखीच होती, जाड, काळपट, टाचेसारखी. फिजिओ मॅडम कीबोर्डवर बोटं ठेवून वाट बघत होत्या. जिना चढताना किती दुखतं, उतरताना किती, झोपेत कूस वळताना जाग येते का, खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो का, असे बरेच प्रश्न होऊन गेले होते आणि मिस्त्रींनी प्रत्येक उत्तराला वेळ घेतला होता. या प्रश्नाला मात्र उत्तर लगेच आलं.

"दोन धरा."

"दोनच?"

"दोन पुष्कळ झाले."

मॅडमनी दोन टाकले. पडद्यावर एक निळी पट्टी सरकत गेली आणि अर्ध्याच्या बरीच अलीकडे थांबली. मॅडमनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"काका, या दवाखान्यात आणि आणखी पुष्कळ ठिकाणी गुडघ्याच्या हजारो पेशंटना हेच प्रश्न विचारलेत. नंतर त्यांनी व्यायाम केला, आणि कुणाला फरक पडला, कुणाला नाही, तेही नोंदवलं. त्यांतली तुमच्याशी जुळणारी माणसं बाजूला काढली. वय, वजन, एक्स-रे, दुखणं, आत्ता दिलेली उत्तरं, सगळं साधारण तुमच्यासारखं असलेली. तर त्यांतल्या दहांपैकी तिघांना तीन महिन्यांत चांगला फरक पडला. सात जणांना नाही."

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. "ते तीन कोण?"

"म्हणजे?"

"दहा जण ओळीनं उभे केले. त्यांतले कुठले तीन, ते दिसतं का यात?"

"नाही दिसत."

"मग माझं काय कळलं?"

हा प्रश्न मॅडमना बहुतेक जण विचारत नसत. "तुम्ही कुठल्या ओळीत उभे आहात, एवढं कळलं," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात हाडांचे डॉक्टर आत आले. त्यांनी निळी पट्टी पाहिली, एक्स-रे उजेडाला धरला आणि आतल्या बाजूची फट जवळजवळ मिटली आहे ते पेनाच्या टोकानं दाखवलं. बोलण्यात घाई होती, पण तुसडेपणा नव्हता.

"माझा सल्ला विचाराल तर व्यायामाच्या वर्गात तीन महिने घालवू नका. ऑपरेशनच्या यादीत नाव देऊ. नंबर यायला तसाही वेळ लागतो."

"ऑपरेशन झालं की मग फरशीचं काम?"

"चालाल, जिने चढाल, लांब फिरायला जाल. पण दिवसदिवस कडक जमिनीवर गुडघे टेकून बसायचं, ते मात्र सोडावं लागेल."

मिस्त्रींनी पँट खाली ओढली.

दाराजवळच्या स्टुलावर त्यांची बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मुलगी लग्न होऊन गेल्यापासून ती नवऱ्याबरोबर कामावर जायची, माल कालवून द्यायची, लागलेल्या टाइल्सचे सांधे भरायची. साइटवर सगळे तिला मिस्त्रीणबाई म्हणत. डॉक्टर काय बोलले याचा अर्थ खोलीतल्या दुसऱ्या कुणाहीपेक्षा तिला जास्त कळला होता. भिंत उभ्यानं लावता येते, गेले काही महिने मिस्त्री तेवढंच करत होते. पण नुसती भिंत कुणी देत नाही. भिंतीची रेघ जिथे जमिनीला टेकते, तिथूनच फरशीची रेघ पुढे निघावी लागते. त्यासाठी दोन्ही कामं एकाच हातची लागतात. दोन बाथरूम दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली होती. तिसऱ्या घरून तर फोनच आला नव्हता.

"डॉक्टर, मी एक विचारू?" ती म्हणाली. "त्या शेवटच्या प्रश्नाला यांनी किती सांगितले? मला नीट ऐकू नाही आलं."

"दोन," मॅडम म्हणाल्या.

"मग बरोबर!" मिस्त्रीणबाई हसली. "अहो, 'होईल का' असं विचारून यांच्याकडून आजवर कुणाला सरळ उत्तर मिळालंय? चार दिवसांचं काम असलं की गिऱ्हाइकाला सांगतात आठवडा. आठवड्याचं असलं की 'सांगता येत नाही'. आमची मुलगी झाली तेव्हा नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, दोघी अगदी छान आहेत. तर हे काय म्हणाले असतील? म्हणाले, बघू."

"अगं, ते इथं कशाला?"

"नाही तर कुठं? गुडघा तुमचा आहे ना?"

मॅडमना हसू आलं, पण त्यांनी प्रश्न सोडला नाही. "काका, खरंच तसं आहे?"

"धंद्याची रीत आहे, मॅडम. कमी बोलायचं आणि जास्त करून द्यायचं. मोठा शब्द दिला आणि फरशी फुगली, तर तोंड कुठं लपवणार?"

"आणि दुखण्याचे आकडे? तेही असेच सांगितलेत?"

मिस्त्रींनी जमिनीकडे पाहिलं. "त्यात थोडी तूट धरली."

"तूट?"

"शंभर टाइल्सची खोली असली तर मागवताना एकशे दहा मागवतो. काही फुटतात, काही कापताना वाया जातात. तसं पाच दुखत असलं तर साडेसहा सांगितलेलं बरं. मागाहून कमी पडायला नको."

डॉक्टर मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "पण आता नव्यानं विचारून चालणार नाही. आकडा ऐकून झाल्यावर जे उत्तर येईल, ते आकडा ऐकल्यावरचं असेल."

"नाही बदलत," मॅडम म्हणाल्या. "बाकीच्यांनी पहिल्यांदा विचारल्यावर जे सांगितलं, तेच धरलंय. यांनाच दुसरी संधी दिली तर तुलनेला अर्थ राहणार नाही. त्या लोकांतही तूट धरणारे असतीलच कुणीतरी." त्यांनी कीबोर्ड टेबलाच्या आत सरकवला आणि हात मांडीवर ठेवले. "पण न लिहिता विचारायला काय हरकत आहे? काका, मी काहीही टाकणार नाही. गिऱ्हाईक समोर नाही असं समजा. तुम्हाला काय वाटतं?"

मिस्त्रींची नजर भिंतीवरून फिरली. हात धुवायच्या बेसिनमागे पांढऱ्या टाइल्स होत्या. ते उठले, बोटाच्या पेरानं एका टाइलवर टकटक केलं. "ही पोकळ आहे. मागे माल भरला नाही कुणी."

"विषय बदलू नका," मिस्त्रीणबाई म्हणाली.

"बदलत नाही. सांगतोय फक्त."

"मग हेही सांगा."

ते पाठमोरेच उभे होते. वजन डाव्या पायावर. मॅडमनी घाई केली नाही. डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडे पाहिलं, पण तेही थांबले.

"व्हावं असं वाटतं," मिस्त्री म्हणाले.

"ते सगळ्यांनाच वाटतं, काका. होईल असं?"

मिस्त्रींनी त्या पोकळ टाइलवर तळहात टेकला.

"होईल," ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "होईल असं वाटतं मला."

मिस्त्रीणबाईनं पिशवीची चेन उघडली, आत काहीही न शोधता लावली आणि पुन्हा उघडली.

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "आकडा तीनच राहील, हे लक्षात ठेवा. तुमच्या वाटण्यानं एक्स-रे बदलत नाही. पण दहात तीन म्हणजे काही शून्य नव्हे, आणि गुडघा तुमचा आहे. करा व्यायाम. मध्ये एकदा मोजू. काहीच हललं नसेल तर यादीत नाव टाकायचं, तेव्हा 'बघू' म्हणायचं नाही."

जिना उतरताना मिस्त्री कठड्याला धरून एकेक पायरी घेत होते. बायको एक पायरी पुढे होती. मधल्या वळणावर ती थांबली.

"आज 'होईल' म्हणालात."

"त्यांनी फारच धरून ठेवलं."

"मला कधी म्हणाला नाहीत."

"तू कधी विचारलंस?"

"रोज विचारते! स्वयंपाकघराचा ओटा बदलणार का म्हणून!"

"तो होईल की," मिस्त्री म्हणाले, आणि आपण काय बोललो ते कळून पुढच्या पायरीकडे बघू लागले.

---

व्यायामाचा वर्ग दवाखान्याच्या मागच्या लांबट हॉलमध्ये भरायचा. एका बाजूला ओळीनं खुर्च्या, दुसऱ्या बाजूला लाकडी पायऱ्यांचे ठोकळे. खुर्चीतून हात न लावता उठायचं, सावकाश बसायचं. ठोकळ्यावर चढायचं, त्याहून सावकाश उतरायचं. भिंतीला पाठ लावून थोडं खाली सरकायचं आणि तिथंच थांबायचं. मांडीचा स्नायू मजबूत झाला की सांध्यावरचा भार तो थोडा आपल्या अंगावर घेतो, असं मॅडमनी पहिल्या दिवशी सांगितलं. झिजलेलं परत येत नाही, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं. मिस्त्रींना ते आवडलं. काय होणार नाही ते आधी सांगणाऱ्या माणसावर त्यांचा विश्वास बसायचा.

शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त बसड्रायव्हर होते. पोट सुटलेलं, आवाज शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा.

"मिस्त्री, तुमचे किती आले? माझे दहात आठ. मॅडम म्हणाल्या, एकदम चांगला चान्स आहे."

"तीन."

"अरे रे." ड्रायव्हर क्षणभर हळहळले, मग पाठीवर थाप मारून म्हणाले, "चालतंय हो. आमचा धाकटा सगळ्या परीक्षा काठावर पास झाला, आता मलाच अक्कल शिकवतो."

मिस्त्रींनी व्यायाम अंगावर घेतलेल्या कामासारखा घेतला. मॅडमनी दिवसाला जेवढं करायला सांगितलं होतं, त्याच्या दुप्पट ते घरी करू लागले. सकाळी दाराशी उंबऱ्यावर चढउतार, दुपारी भिंतीला पाठ, संध्याकाळी पुन्हा खुर्ची. काम लवकर उरकलं की गिऱ्हाईक खूश होतं हे त्यांना माहीत होतं. गुडघ्याची रीत वेगळी असेल असं त्यांना वाटलं नाही. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी सकाळी त्यांना पाय जमिनीवर टेकवेना. गुडघा गरम लागत होता. सूज वाटीएवढी.

त्या दिवशी वर्ग होता. मिस्त्री कॉटवर पाय लांब करून बसून राहिले.

"वेळ होतेय," बायको म्हणाली.

"नाही जात."

"का?"

"त्या सातांतला आहे मी. कळलं आता. उगाच एकाची जागा अडवायची."

मिस्त्रीणबाईनं बर्फाचा पंचा त्यांच्या गुडघ्यावर जरा जोरातच ठेवला. "आदल्या दिवशी लावलेल्या फरशीवर कुणी पाय ठेवला तर तुम्ही काय करता?"

"काय करतो?"

"आरडाओरडा करता. घरमालक असो नाही तर त्याची म्हातारी आई असो. 'धरू द्या की जरा, ओली आहे!' सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातं. आणि स्वतःच्या गुडघ्यावर तुम्ही सकाळ-दुपार-संध्याकाळ नाचताय. तो कधी धरायचा?"

मिस्त्री पाय जरा उचलून म्हणाले, "पंचा नीट बांध. खाली घसरतोय."

वर्गाला ते उशिरा पोचले, लंगडत. मॅडमनी सूज दाबून पाहिली, घरी किती केलं ते विचारलं, आणि या खेपेला मिस्त्रींनी तूट न धरता सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत.

"करताना थोडं दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर समजायचं, काल जास्त झालं. रोज सकाळी उठल्यावर गुडघ्यालाच विचारायचं. मला नाही, काकूंना नाही."

"आणि तो खोटं बोलला तर?"

"तो तुमच्यासारखा नाही, काका. त्याला रीतभात नाही."

सूज उतरेपर्यंत त्यांनी फक्त बसल्या बसल्या पाय सरळ करायचा व्यायाम केला. मग पुन्हा ठोकळा, पण सर्वांत बुटका. मधल्या मोजणीत आकडा हलला होता, जेमतेम. डॉक्टरांनी तो पाहून भुवया किंचित वर केल्या आणि "चालू ठेवा" एवढंच म्हणाले.

ड्रायव्हरांचा आकडा मात्र जिथल्या तिथं होता. व्यायामात त्यांनी कधी कसूर केली नव्हती. वजनही थोडं उतरवलं होतं, संध्याकाळचं खाणं बंद करून. तरी जिना चढताना त्यांचा चेहरा तसाच वाकडा व्हायचा. एके दिवशी वर्ग सुटल्यावर ते बाहेरच्या बाकावर बसले आणि त्यांनी मिस्त्रींना जवळ बोलावलं.

"यादीत नाव टाकलं आज."

आपला गुडघा गेल्या काही दिवसांत बरा वाटतोय हे ड्रायव्हरना दिसत असणार, म्हणून मिस्त्रींना उगाचच अवघडल्यासारखं झालं.

"दहात आठ म्हणाले होते ना तुम्हाला," ते म्हणाले.

"हो. म्हणजे मी त्या दोनांतला." ड्रायव्हर हसले, पण आवाज नेहमीपेक्षा लहान होता. "घरी गेलो तर मुलगा म्हणाला, मशीन खोटं निघालं. मी म्हटलं, खोटं कसं रे? आठ उतरले, दोन गाडीतच राहिले. कुणीतरी राहणारच होतं. आता ते मी असेन असं मला वाटलं नव्हतं, एवढंच." त्यांनी आपल्या गुडघ्यावर हात ठेवला, जुन्या गाडीच्या बॉनेटवर ठेवावा तसा. "हा पार्टच बदलू आता. मला कुठं फरशी लावायचीय? नातवाला शाळेत सोडलं की झालं."

"मी येईन बघायला. ऑपरेशननंतर."

"या. पण येताना जिन्यानं या, लिफ्टनं नको. तुमचा गुडघा बघायचाय मला."

---

शेवटच्या मोजणीला मॅडमनी तीच खुर्ची, तोच ठोकळा, चालायची तीच जागा वापरली. मिस्त्री हात न टेकता खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. जिना एका पायाआड एक पाय टाकून चढले. उतरताना कठड्यावर हात होता, पण नुसता ठेवलेला. मग प्रश्न सुरू झाले.

"चालताना किती दुखतं?"

"चार." मिस्त्री थांबले. "नाही. थांबा. तीन."

"खरे की गिऱ्हाइकाचे?"

"खरे. चार बोलून गेलो सवयीनं."

निळी पट्टी या वेळी सरकणार नव्हती, अंदाजाचं काम संपलं होतं. मॅडमनी आधीचे आणि आताचे आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवले. आधीच्या आकड्यातली तूट वजा केली तरी उरलेला फरक चांगला म्हणण्याइतका होता, हे त्यांनी दोनदा तपासलं होतं.

"म्हणजे मी तीनांतला?" मिस्त्रींनी विचारलं.

"हो. आज तरी."

"माझं चुकीचं उत्तर तसंच राहणार त्यात?"

"राहणार. प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारून बघावा असं मी हे प्रश्न तयार करणाऱ्यांना कळवलं होतं. ते म्हणाले, एका पेशंटवरून प्रश्न बदलता येत नाही."

"बरोबर आहे त्यांचं. एका टाइलवरून खोलीचा उतार कळत नाही."

"पण तुम्ही आता त्यात गेलात," मॅडम म्हणाल्या. "उद्या तुमच्यासारखा कुणी आला, तर त्याच्याशी जुळणाऱ्या माणसांत तुम्ही असाल. फरक पडलेल्यांच्या बाजूला."

मिस्त्रींनी यावर विचार केला. दहा जणांची ती ओळ त्यांना पुन्हा दिसली. पण या वेळी तिच्या टोकाला एक अनोळखी माणूस येऊन उभा राहत होता, पँट मांडीपर्यंत दुमडलेला, आणि ओळीतला एक जण जरा सरकून त्याला जागा करून देत होता.

"त्याला सांगा," ते म्हणाले, "घाई करू नको म्हणावं."

मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "फरशी?"

मॅडमनी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवलं होतं. "अर्धा दिवस. सलग नाही, मध्ये मध्ये उठायचं. गुडघ्याखाली जाड काहीतरी. मोठे हॉल घेऊ नका, लहान खोल्या घ्या. पूर्वीसारखं होणार नाही, काका. आणि कधीतरी पुढे ऑपरेशन लागेलही. पण आत्ता नाही."

मिस्त्रीणबाई स्टुलावरून उठली. "लहान खोल्याच चांगल्या. पुसायलाही मलाच लागतात."

---

पहिलं काम मिळालं ते एका चौथ्या मजल्यावरचं बाथरूम होतं. त्या घरातली नवरा-बायको दोघं नोकरीला जाणारी. किल्ली ठेवून गेली होती. मिस्त्रींनी आदल्या आठवड्यात भिंती लावून घेतल्या. आज जमीन.

मिस्त्रीणबाईनं बाहेरच्या पॅसेजमध्ये माल कालवला. जुन्या गादीतून कापलेला फोमचा जाड तुकडा तिनं घरून आणला होता. तो तिनं आतल्या कोपऱ्याशी टाकला आणि काही न बोलता बाहेर आली.

मिस्त्रींनी दोरा ताणला. पाण्याच्या जाळीकडे उतार किती द्यायचा ते पाणसळीनं पाहिलं. मग भिंतीला हात लावून आधी डावा गुडघा टेकला. काही वेळ तसेच राहिले. मग उजवा. बाहेर मिस्त्रीणबाईचा थापीचा आवाज थांबला होता. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"माल," ते म्हणाले.

घमेलं आत आलं. पहिली टाइल बसली. रबरी हातोड्याचे चार बारीक ठोके. त्यांनी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली, सगळ्या कोपऱ्यांत आवाज भरीव होता. भिंतीची रेघ खाली उतरली होती तिथूनच फरशीची रेघ निघत होती. दुसरी टाइल, तिसरी. पहिली ओळ पुरी झाली तेव्हा त्यांनी दाराच्या चौकटीकडे हात नेला. मिस्त्रीणबाई चौकटीच्या पलीकडेच उभी होती, दोन्ही हात मालानं भरलेले. तिनं हात पुढे केले नाहीत. ते चौकटीला धरून उठू लागले, मध्ये एकदा अडले, मांडीला जोर दिला आणि उभे राहिले.

"पाय मोकळा करून येतो," ते म्हणाले आणि पॅसेजमधून खिडकीपर्यंत गेले. चालण्यात थोडा लंगडेपणा होता. तो आता राहणार होता.

मिस्त्रीणबाई आत वाकली. फोमच्या तुकड्यात दोन खळगे पडले होते. डावा खोल होता. उजवा उथळ, पण तोही होता, गोल आणि स्पष्ट, आणि कडेनं हळूहळू वर येत होता. तो भरून यायच्या आत तिनं तुकडा दोन्ही मनगटांत अलगद धरला आणि दाराच्या बाजूला, पुढच्या ओळीसाठी, एक टाइल मागे सरकवून ठेवला.